डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना: आधी डीएनएस हलवा, मग नाव

फेब्रुवारीतली सकाळ, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात. पिंपळगाव बसवंतच्या एका निर्यातदाराचा फोन आला. "सर, काल संध्याकाळपासून एकही मेल आला नाही. रॉटरडॅमवाला म्हणतो, मी पाठवतोय आणि तो परत येतोय." कंटेनर न्हावाशेव्याला निघून गेला होता. शिपिंग लाइनने बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या पावतीचा, ड्राफ्ट पाठवला होता, तो तपासून दुपारपर्यंत परत द्यायचा होता. आणि तो ड्राफ्ट त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

चूक माझी होती. आदल्या आठवड्यात मीच त्यांचं डोमेन, म्हणजे वेबसाइट-मेलचं नाव, एका रजिस्ट्रारकडून (नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे हलवलं होतं, तेही वर्षाला पाचशे-सहाशे रुपये वाचावेत म्हणून. ट्रान्सफर पूर्ण झाल्याचा मेल आला, मी वेबसाइट उघडून पाहिली, ती व्यवस्थित दिसली, आणि मी नाशिकच्या कॉलेज रोडवर चहा प्यायला गेलो. साइट दिसत होती ती माझ्या मशीनने जुना पत्ता लक्षात ठेवला होता म्हणून. तिकडे जुन्या कंपनीने, डोमेन आता आपलं नाही म्हणून, त्याचे सगळे डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे साइट कुठे, मेल कुठे हे सांगणाऱ्या नोंदी, पुसले होते आणि त्या जागी जाहिरातींचं पान लावलं होतं. मेल त्या जाहिरातवाल्या सर्व्हरवर जाऊन धडकत होते आणि तो 'असा पत्ता इथे नाही' म्हणून परत लावून देत होता. माझ्याकडे रेकॉर्डची नक्कल नव्हती. एकूण बावीस रेकॉर्ड होते, मला आठवत होते चार.

त्या दिवशी ड्राफ्ट शेवटी व्हॉट्सअॅपवर मागवून घेतला, म्हणून निभावलं. पण तेव्हापासून डोमेन हलवायचं काम मी एका ठरलेल्या क्रमाने करतो. तो क्रम पुढे दिला आहे. ट्रान्सफरची रीत तशी अवघड नाही, कुलूप काढा, कोड घ्या, पैसे भरा, झालं. त्रास होतो तो नावाला टांगलेल्या गोष्टींचा. नाव हलतं, त्या मागे राहतात.

आधी ठरवा, हलवायचंय नेमकं काय

माझ्याकडे 'डोमेन ट्रान्सफर करायचंय' म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना डोमेन हलवायची गरजच नसते. कुणाला होस्टिंग बदलायचं असतं, कुणाला जुन्या वेबसाइटवाल्याच्या तावडीतून सुटायचं असतं, कुणाला फक्त मेल दुसरीकडे न्यायचा असतो.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा. डोमेन म्हणजे नावाची नोंद. मूळ दप्तर रजिस्ट्रीकडे असतं: डॉट कॉमचं व्हेरिसाइनकडे, डॉट इनचं निक्सीकडे. रजिस्ट्रार हा त्या दप्तरात तुमच्या वतीने नोंद करणारा अधिकृत विक्रेता. डीएनएस म्हणजे या नावाची वेबसाइट कुठे, मेल कुठे, हे जगाला सांगणारी यादी. आणि होस्टिंग म्हणजे जिथे वेबसाइट प्रत्यक्ष ठेवली आहे ते मशीन. तिन्ही एकाच कंपनीकडून एकाच बिलावर घेतलेली असली की ती एकच वस्तू वाटते. माझ्या निर्यातदाराचं तसंच होतं, फक्त मेल वेगळ्या ठिकाणी.

होस्टिंगच बदलायचं असेल तर डीएनएसमधले एक-दोन रेकॉर्ड बदलून काम होतं, डोमेन जागचं हलवू नका. आणि खातं दुसऱ्याच्या नावावर आहे एवढीच अडचण असेल, तर त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं स्वतःचं खातं उघडून डोमेन या खात्यातून त्या खात्यात ढकलून घेता येतं. ते बहुतेक ठिकाणी फुकट आणि काही तासांत होतं.

खरोखर हलवायची कारणं मोजकीच: नूतनीकरणाचा दर अवाच्या सवा आहे, कंपनीचा सपोर्ट फोन उचलत नाही, किंवा कंपनीच्या तब्येतीबद्दल शंका आहे. शेवटचं कारण हलकं समजू नका. रजिस्टरफ्लाय नावाच्या अमेरिकन रजिस्ट्रारचा कारभार २००७ मध्ये कोलमडला, आयकॅनने, म्हणजे डोमेनांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेने, त्याची मान्यता काढली आणि तिथली डोमेनं शेवटी गोडॅडीकडे गेली. मधल्या काळात लोकांना आपलंच नाव नूतनीकरण करता येत नव्हतं. कधी कधी आपण न हलताही डोमेन हलतं: गूगल डोमेन्सचा व्यवसाय २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेसने घेतला आणि सगळे ग्राहक तिकडे गेले.

दराबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. डॉट कॉमची घाऊक किंमत सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाली. त्यापेक्षा फार खाली कुणी देत असेल तर तो पहिल्या वर्षाचा गळ आहे. हलवण्याआधी नव्या ठिकाणचा नूतनीकरणाचा दर जीएसटीसकट विचारा, पहिल्या वर्षाचा नाही.

पायरी १: उताऱ्यावर नाव कुणाचं?

जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो. इथेही तेच. आयकॅनच्या लुकअप पानावर, डॉट इनसाठी निक्सीच्या रजिस्ट्रीच्या पानावर, डोमेन टाका. रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, स्टेटस काय आणि नेमसर्व्हर (डीएनएसची यादी जिथे ठेवलेली असते ती मशीनं) कुठले, हे कुणालाही दिसतं. मालकाचं नाव मात्र २०१८ नंतर युरोपच्या गोपनीयता कायद्यामुळे बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं. ते खात्यात लॉगिन करूनच बघावं लागतं.

इथेच पहिला धक्का बसतो. सातपूर-अंबडच्या कितीतरी कारखान्यांची डोमेनं मालकाच्या नावावर नसतातच. ती असतात दहा वर्षांपूर्वी साइट करून दिलेल्या पोराच्या नावावर, किंवा आता पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याच्या. पैसे दरवर्षी कारखान्याने भरलेले, कब्जा कारखान्याचा, पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. आयकॅनच्या नियमात रजिस्ट्रंट म्हणून ज्याची नोंद, तोच धनी.

हे आधी सोडवा, आणि गोडीगुलाबीने सोडवा. त्या पोराचं जुनं बिल राहिलं असेल तर ते देऊन टाका. तीन-चार हजारांसाठी पंधरा वर्षांचं नाव अडकवून घेण्यात शहाणपणा नाही. मग त्याच्याकडून मालकाचं नाव, संस्थेचं नाव आणि ई-मेल बदलून घ्या.

पण थांबा, इथे एक सापळा आहे. डॉट कॉमसारख्या जेनेरिक डोमेनला रजिस्ट्रंटचं नाव, संस्था किंवा ई-मेल बदलला की ६० दिवस ट्रान्सफर बंद होऊ शकते. हा नियम डिसेंबर २०१६ पासून आहे. काही रजिस्ट्रार बदल करतानाच 'हे कुलूप नको' अशी खूण करायची सोय देतात, काही देत नाहीत. म्हणून तपशील बदलण्याआधी सपोर्टला लेखी विचारा. सोय नसेल तर दोन पर्याय: जुन्या माणसाच्या सहकार्याने आहे त्या तपशिलावर आधी ट्रान्सफर करून मग नाव बदलणं, किंवा आत्ता नाव बदलून दोन महिने गप्प बसणं. माणूस भरवशाचा नसेल तर मी दुसरा पर्याय घेतो. नाव आधी आपलं होऊ द्या, बचत नंतर बघू.

ई-मेलबद्दल आणखी एक. रजिस्ट्रंटचा ई-मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यासारखं आहे ते: डोमेन बंद पडलं की मेल बंद, आणि डोमेन सोडवायचा दुवा त्याच मेलवर येणार. जीमेल किंवा तत्सम वेगळा पत्ता द्या, तोही मालकाचा, कर्मचाऱ्याचा नको. पत्ता बदलला की पडताळणीचा मेल येतो. १५ दिवसांत त्यातल्या दुव्यावर क्लिक केलं नाही तर रजिस्ट्रार डोमेन स्थगित करू शकतो. तो मेल हमखास स्पॅममध्ये सापडतो.

पायरी २: तारखा आणि हंगाम

दोन सरळ अडथळे आधी बघा. डोमेन नोंदवून ६० दिवस झाले नसतील किंवा मागच्या ट्रान्सफरला ६० दिवस झाले नसतील, तर जेनेरिक डोमेन सहसा हलत नाही. नूतनीकरण केल्याने मात्र असं कुलूप लागत नाही.

आता मुदत. ट्रान्सफर केलं की डॉट कॉमच्या मुदतीत एक वर्ष वाढतं आणि उरलेले दिवस वाया जात नाहीत. एकूण मुदत १० वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाही, एवढंच. त्यामुळे 'मुदत संपत आली की हलवू' यात फायदा काहीच नाही, जोखीम मात्र मोठी आहे. संपल्यानंतर रजिस्ट्रार साइट आणि मेल कधीही तोडू शकतो. पुढे डोमेन हटवलं गेलं की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. त्यात ट्रान्सफर होत नाही आणि परत मिळवायची फी ऐकून घाम फुटतो. त्यानंतर पाच दिवसांत नाव बाजारात. मी मुदतीच्या आधी किमान दोन महिने काम हाती घेतो.

नुकतंच नूतनीकरण झालेलं असेल तर एक हिशेब करा. समजा मुदत १० जूनला संपली, त्या दिवशी जुन्या रजिस्ट्रारने कार्डावरून पैसे कापून नूतनीकरण केलं आणि तुम्ही २५ जूनला डोमेन हलवलं. मुदत संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत ट्रान्सफर झालं की ते नूतनीकरणाचं वर्ष रद्द होतं. रजिस्ट्री पैसे जुन्या रजिस्ट्रारला परत करते, तुम्हाला नाही. म्हणजे तुम्ही दोन वर्षांचे पैसे भरले आणि मिळालं एक. अशा वेळी ४५ दिवस जाऊ द्या, मग हलवा.

आणि कॅलेंडरकडे बघा. द्राक्षवाल्यांनी जानेवारी ते एप्रिल या कामाला हातच लावू नये. मी लावला होता. पंचवटीतल्या लॉजवाल्यांनी आणि त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या होमस्टेवाल्यांनी सिंहस्थाच्या बुकिंगची गर्दी सुरू व्हायच्या आत हे उरकावं. पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत आणि खोल्यांची चौकशी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. चिवडा-फराळवाल्यांना दसरा ते दिवाळी वर्ज्य. वार म्हणाल तर मंगळवार सकाळ. शुक्रवारी सुरू केलेलं काम शनिवारी रात्री बिघडतं आणि सोमवारपर्यंत कुणी फोन उचलत नाही.

पायरी ३: डीएनएसची पूर्ण नक्कल, आणि नक्कल आधी चालू करणं

इथे घाई करू नका.

लुकअपमध्ये नेमसर्व्हर बघा. ते जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर तुम्ही धोक्यात आहात. ट्रान्सफर झाल्यावर रजिस्ट्रीत नेमसर्व्हर तेच राहतात, पण त्या नेमसर्व्हरवर बसलेली यादी जुनी कंपनी केव्हाही पुसू शकते. काही जण लगेच पुसतात, काही जण आठवडाभर ठेवतात. कुणावर भरवसा ठेवायचा? कुणावरच नाही.

जुन्या खात्यात लॉगिन करा आणि झोन फाइल, म्हणजे सगळ्या रेकॉर्डांची एकत्र यादी, एक्सपोर्ट करायची सोय शोधा. नसेल तर एकेका रेकॉर्डची नक्कल करा आणि स्क्रीनशॉटही काढा. बाहेरून 'डिग'सारख्या साधनाने विचारून यादी करू असं वाटेल, पण बाहेरून तेच कळतं जे विचारायचं नाव तुम्हाला माहीत असतं. 'वेब' आणि 'मेल' विचाराल. चार वर्षांपूर्वी कुणीतरी 'ईआरपी' नावाचं सबडोमेन (मुख्य नावाला जोडलेलं उपनाव) केलं होतं, ते विचारणार कसं? म्हणून आतूनच.

काय काय असतं? साइटचा ए रेकॉर्ड आणि आयपीव्ही६ असेल तर त्याचा, सबडोमेनचे सीनेम, मेलचे एमएक्स. मग टीएक्सटी रेकॉर्ड, जे लोक हमखास विसरतात: एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुम्हीच पाठवलाय हे समोरच्या सर्व्हरला पटवणारे) आणि गूगल-फेसबुकने मालकी पटवायला लावलेल्या ओळी. एसपीएफ-डीकिम न्यायचे राहून गेले तर मेल यायला लागतात, पण तुम्ही पाठवलेले समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात. हे कळायला आठवडा लागतो, कारण स्पॅममध्ये गेलेला मेल परत येत नाही आणि समोरचा ओरडतही नाही.

डीकिमचं एक जवळून सांगतो, कारण त्या फेब्रुवारीत मी त्यावर दीड तास घालवला. तो रेकॉर्ड म्हणजे एक लांबलचक किल्ली, चारशेच्या आसपास अक्षरांची. डीएनएसमध्ये एका तुकड्यात २५५ पेक्षा जास्त अक्षरं मावत नाहीत, म्हणून ती दोन तुकड्यांत, दोन अवतरणचिन्हांच्या जोड्यांत लिहिलेली असते. निर्यातदाराच्या मुलाने ती मेलच्या पॅनेलवरून कॉपी करून मला व्हॉट्सअॅपवर पाठवली. जोडाजोडीत मधे एक मोकळी जागा आणि एक जादा अवतरणचिन्ह शिरलं. रेकॉर्ड सेव्ह झाला, हिरवी खूण दिसली, आणि सही मात्र जुळेना. तेव्हापासून असली किल्ली मी फाइलमधूनच नेतो आणि नव्या ठिकाणी टाकल्यावर जुनी-नवी ओळ एकाखाली एक ठेवून बघतो.

रेकॉर्ड नसलेल्या सोयीही बघा. वेब फॉरवर्डिंग, फुकटचं ई-मेल फॉरवर्डिंग, रजिस्ट्रारने दिलेलं एसएसएल. या गोष्टी यादीत दिसत नाहीत, कारण त्या त्या कंपनीच्या सेवा आहेत. डोमेन गेलं की त्याही जातात. आणि तुमचे स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर असतील, म्हणजे डोमेनच्याच नावाने केलेले, तर त्यांचे आयपी पत्ते वेगळे लिहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ही यादी नव्या ठिकाणी आधी उभी करा. नव्या रजिस्ट्रारच्या डीएनएसवर ट्रान्सफरपूर्वी झोन करता येत असेल तर तिथे, नाहीतर स्वतंत्र डीएनएस सेवेवर. मला दुसरं आवडतं, कारण मग पुढे कितीही रजिस्ट्रार बदला, डीएनएस जागचं हलत नाही. क्लाउडफ्लेअरसारख्या ठिकाणी ते फुकटही मिळतं. फक्त लक्षात ठेवा, डोमेनही त्यांच्याकडे नेलंत तर नेमसर्व्हर त्यांचेच वापरावे लागतात.

क्रम असा. जुन्या ठिकाणी रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर तो रेकॉर्ड जितका वेळ लक्षात ठेवतात तो काळ, ३०० सेकंदांवर आणा आणि जुना टीटीएल संपेपर्यंत थांबा. डीएनएससेक, म्हणजे रेकॉर्ड खरे असल्याचं डिजिटल सहीने पटवणारी सोय, चालू आहे का बघा. असेल तर आधी रजिस्ट्रीतला डीएस रेकॉर्ड (त्या सहीच्या किल्लीची तिथली नोंद) काढून घ्या, दोन दिवस जाऊ द्या आणि मगच ते बंद करा. डॉट कॉमच्या डीएसची आठवण जगभरच्या सर्व्हरवर २४ तास टिकते. डीएस तसाच ठेवून नेमसर्व्हर बदललात तर सही तपासणारे रिझॉल्व्हर (लोकांच्या वतीने डीएनएस विचारणारे सर्व्हर) तुमचं नाव खोटं समजून उत्तर देणंच बंद करतात, आणि गंमत म्हणजे तुमच्या ऑफिसात सगळं चालू दिसू शकतं.

मग जुन्या रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये नेमसर्व्हर बदलून नवे टाका. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदीची आठवण ४८ तास राहते, म्हणून दोन पूर्ण दिवस जुनी यादीही तशीच ठेवा, कारण काही जग जुनीकडे विचारेल, काही नवीकडे. दोन्हीकडे उत्तर एकच असलं पाहिजे. या दोन दिवसांत बाहेरच्या पत्त्यावरून मेल मागवा, बाहेर पाठवा, मोबाइल डेटावरून साइट उघडा, सबडोमेन उघडा. सगळं चाललं की डोमेन मोकळं झालं. आता रजिस्ट्रार बदलला तरी बाहेरच्या कुणाला कळणारसुद्धा नाही. पिंपळगावला मी एवढंच केलं असतं तर बास होतं.

पायरी ४: कुलूप आणि कोड

स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसेल. हे साधं कुलूप, पॅनेलमधून काढता येतं. 'सर्व्हर' शब्दाने सुरू होणारं स्टेटस असेल तर ते रजिस्ट्रीने लावलेलं आहे. त्यामागे वाद किंवा कोर्टाचा हुकूम असू शकतो, आधी कारण शोधा.

कुलूप काढून ऑथ कोड मागा. त्यालाच कुणी ईपीपी कोड म्हणतं. जेनेरिक डोमेनला रजिस्ट्रारने मागितल्यापासून पाच दिवसांत तो दिला पाहिजे. काही ठिकाणी बटण दाबलं की मिळतो, काही ठिकाणी आधी 'राहाल तर सूट देतो' म्हणून फोन येतो. सूट खरंच चांगली असेल तर राहा की, हट्ट कशाला. पण फॉर्म भरा, आधार पाठवा, असा घोळ घालून कोणी दिवस काढत असेल तर आयकॅनकडे तक्रार करता येते, डॉट इनसाठी निक्सीकडे. पुढच्या वर्षाचे पैसे भरले नाहीत म्हणून ट्रान्सफर नाकारता येत नाही. मागच्या काळाचे थकले असतील तर येते.

कोड म्हणजे सही केलेला कोरा धनादेश. कुलूप उघडं असताना तो ज्याच्या हाती, तो ट्रान्सफर सुरू करू शकतो. गंगापूर रोडच्या एका दुकानाचा कोड मी 'वेबसाइट काम' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलेला पाहिला आहे, नऊ जणांच्या ग्रुपवर. तो लगेच बदलून घ्यायला लावला. कोड घ्यायचा तो वापरायच्या दिवशीच. तो कॉपी-पेस्टच करा, हाताने टाइप केला की शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत ठरलेली.

चोरीची भीती उगाच नाही. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीचं डोमेन मालकाच्या नकळत एका ऑस्ट्रेलियन रजिस्ट्रारकडे गेलं, तेही शनिवार-रविवार गाठून, आणि तिच्या ग्राहकांचे मेल अडकले. जानेवारी २०२१ मध्ये पर्ल या प्रोग्रामिंग भाषेचं डॉट कॉम डोमेन असंच पळवलं गेल्याचं उघड झालं, ते फेब्रुवारीत परत मिळालं. दोन्हीकडे मालक तंत्रज्ञच होते.

आपल्याकडे नेहमी दिसणारा प्रकार साधा असतो: 'तुमचं डोमेन संपतंय, इथे पैसे भरा' असा भलत्याच कंपनीचा मेल. पैसे भरले की आपणच ट्रान्सफरला होकार देऊन बसतो. निर्यातदारांना आणखी एक येतो, 'चीनमध्ये कुणीतरी तुमच्या नावाचं डोमेन घेतंय, तुम्हाला आधी हवंय का?' उत्तर देऊ नका, डिलीट करा.

पायरी ५: पैसे आणि पाच दिवसांची वाट

नव्या रजिस्ट्रारकडे डोमेन टाका, कोड द्या, पैसे भरा. जुन्या रजिस्ट्रारकडून मेल येतो: तुम्ही हे सांगितलंय का? डॉट कॉमला काहीच केलं नाही तर साधारण पाच दिवसांत ट्रान्सफर आपोआप होतं. काही ठिकाणी मंजुरीचा दुवा असतो, त्याने काही मिनिटांत होतं. घाईत 'रद्द करा' वर बोट पडलं की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून मेल नीट वाचा.

या काळात होस्टिंग बंद करू नका, जुन्या ठिकाणचं ऑटो-रिन्यूही लगेच काढू नका. ट्रान्सफर फसलं आणि मुदत टळली तर दोन्हीकडून जाल.

डॉट इनचं थोडं वेगळं आहे. त्याचे नियम निक्सी ठरवते, आयकॅनचे वर सांगितलेले दिवस तिथे जसेच्या तसे गृहीत धरू नका. निक्सीची मान्यता असलेल्या रजिस्ट्रारकडेच ते नेता येतं, म्हणून परदेशी कंपनी आवडली तरी ती डॉट इन घेते का, हे आधी विचारा. मालकाचे तपशील लपवायची सोय डॉट इनला नाही, तेव्हा नाव-पत्ता खरा आणि कागदपत्रांशी जुळणारा ठेवा. देवनागरीतलं डॉट भारत घेतलं असेल तर तेही निक्सीच्याच अखत्यारीत येतं. ते विकणारे रजिस्ट्रार कमी आहेत.

पायरी ६: झालं म्हणायच्या आधी

लुकअप पुन्हा बघा. रजिस्ट्रार नवा, मुदत वर्षाने पुढे, नेमसर्व्हर तुम्ही ठरवलेलेच. काही पॅनेल ट्रान्सफर करताना 'आमचे नेमसर्व्हर लावू का' असं विचारतात आणि खूण आधीच केलेली असते, तिथे फसगत होते. कुलूप पुन्हा लावा, ते आपोआप लागेलच असं नाही. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि त्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, मुलगा फोन बदलतो तेव्हा उपयोगी पडतात. पडताळणीचा मेल पुन्हा येईल, पुन्हा १५ दिवस. डीएनएससेक हवं असेल तर आता नव्याने चालू करा आणि टीटीएल परत तासाभरावर न्या.

एवढं करूनही मेल थांबलाच, तर जुन्या कंपनीशी भांडत बसू नका. डोमेन आता नव्या खात्यात आहे, नेमसर्व्हर तिथून बदलता येतात, तिकडे जा आणि तयार ठेवलेल्या झोनकडे वळवा. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तात्पुरती अडचण समजला असेल तर तो काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, ते मेल उशिरा का होईना येतात. परत गेलेले मात्र गेले, त्या ग्राहकांना फोन करा. आणि डोमेन भलत्याच्याच खात्यात गेलेलं दिसलं तर तासाभराचाही उशीर नको: जुन्या रजिस्ट्रारला फोन आणि लेखी मेल, सोबत बिलं आणि जुने पडताळणीचे मेल. रजिस्ट्रार-रजिस्ट्रारमधला वाद सोडवायची वेगळी रीत आहे, पण ती संथ आहे. डोमेन तिसऱ्या रजिस्ट्रारकडे सरकायच्या आत कुलूप लागलं तरच सोपं जातं.

पिंपळगावचे ते गृहस्थ अजून माझ्याचकडे आहेत. पॅकहाउसच्या ऑफिसात, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटांच्या फाइलशेजारी, बावीस रेकॉर्डांची छापील यादी प्लॅस्टिकच्या पाकिटात टांगली आहे. मागच्या वर्षी त्यांनी बंगळुरूच्या ग्राहकांसाठी आणखी एक सबडोमेन केलं, तेव्हा तेविसावी ओळ त्यांनीच बॉलपेनने खाली लिहिली आणि मला फोटो पाठवला.